वाफसा, वजन आणि जागच्या जागी फिरणारं चाक

बीड जिल्ह्यात बर्फ बघायचा असेल तर रसवंतीवर जावं लागतं. तरीही गेल्या वर्षी मी जे शोधनिबंध वाचले, त्यातले निम्मे बर्फावरचे होते. कॅनडात नाहीतर अमेरिकेच्या उत्तर भागात घरासमोरचा बर्फ ढकलणारा छोटा ट्रॅक्टर, त्याची मागची चाकं जागच्या जागी का फिरतात आणि ती फिरू नयेत म्हणून काय करावं, हा त्यांचा विषय. माझा विषय गेवराई-माजलगाव पट्ट्यातली काळी माती आणि तिच्यात चालणारा विजेवरचा छोटा ट्रॅक्टर. माझ्या खोलीतल्या जोडीदाराला वाटलं, मी भलत्याच विषयावर पीएचडी करायलोय.

पण चाकाला बर्फ कळत नाही आणि मातीही कळत नाही. आपल्या खालचा थर किती जोर सोसून फाटतो, एवढंच त्याला कळतं. हा लेख त्याबद्दल आहे. आणि पहिल्या हंगामात मी काय चुकलो, त्याबद्दलही. कारण संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हाला सूत्रापेक्षा ती चूकच जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. विजेवरचा छोटा ट्रॅक्टर ही काही काल-परवाची गोष्ट नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ मध्ये ‘इलेक-ट्रॅक’ नावाचे बागेत वापरायचे ट्रॅक्टर आणले होते. मोठ्या मॉडेलमध्ये सहा-सहा व्होल्टच्या सहा शिशाच्या बॅटऱ्या, म्हणजे ३६ व्होल्ट. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात पुढे पातं लावून बर्फ ढकलायचा. त्या बॅटऱ्या भयंकर जड. एरवी जडपणा हा दोष, इथे मात्र तो कामाला आला, कारण चाकावर आयतं वजन मिळालं. आपल्याकडे सोनालिकाने २०२० च्या डिसेंबरात ‘टायगर इलेक्ट्रिक’ आणला, त्यात २५.५ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. दुर्गापूरच्या सीएसआयआर-सीएमईआरआय या संस्थेने ‘प्रायमा ईटी-११’ हा छोटा ट्रॅक्टर २०२३ मध्ये पुढे आणला. म्हणजे यंत्र आलेलं आहे. ते आपल्या रानात कसं वागतं हे मोजायचं काम बाकी आहे, आणि ते काम तुमच्या-माझ्यासारख्यांचं आहे.

आता मूळ मुद्दा. ट्रॅक्टर नांगर ओढतो म्हणजे काय करतो? चाक मातीला मागे ढकलतं, माती चाकाला पुढे ढकलते. टायरच्या नक्षीचे दात मातीत रुततात आणि दोन दातांमधला मातीचा ठोकळा मागे सरकवायचा प्रयत्न करतात. तो ठोकळा खालच्या मातीपासून सुटला की चाक घसरतं. म्हणजे घसरण बहुतेक वेळा रबर आणि माती यांच्यात होत नाही, ती माती आणि माती यांच्यात होते. एवढं डोक्यात पक्कं बसवा. ‘टायर गुळगुळीत झालाय म्हणून घसरतंय’ हे अर्धंच खरं आहे. टायर कोरा करकरीत असला तरी खालची मातीच फाटत असेल तर तो बिचारा काय करणार?

माती किती जोर सोसेल याचं एक साधं सूत्र आहे. मूळ कल्पना कूलोम्ब या फ्रेंच अभियंत्याची, अठराव्या शतकातली. वाहनांसाठी ती नीट मांडण्यात पोलंडमध्ये जन्मलेल्या एम. जी. बेकर यांचा मोठा वाटा आहे. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९५६ चं. पुढे चंद्रावर चालवायच्या गाडीच्या कामातही ते होते. बर्फ, चिखल, वाळवंट, चंद्रावरची धूळ, सगळीकडे त्यांनी प्रश्न तोच विचारला. सूत्र असं:

चाकाला मिळणारा कमाल जोर = (मातीची चिकटून राहण्याची ताकद × टायर टेकतो ते क्षेत्रफळ) + (चाकावरचं वजन × घर्षणकोनाचा टॅन)

यात दोन पदं आहेत. पहिल्या पदात क्षेत्रफळ आहे, वजन नाही. दुसऱ्या पदात वजन आहे, क्षेत्रफळ नाही. माझ्या प्रबंधाचा निम्मा भाग या एका वाक्यात आहे म्हटलं तरी चालेल.

‘चिकटून राहण्याची ताकद’ म्हणजे कोहिजन: मातीचे कण एकमेकांना किती धरून ठेवतात ते. ओल्या चिकण मातीत हे असतं, कोरड्या वाळूत जवळजवळ शून्य. घर्षणकोन म्हणजे कण एकमेकांवर घासताना किती अडतात ते. वाळूत हा मोठा असतो. पाण्याने पूर्ण भरलेल्या चिकण मातीवर अचानक भार टाकला तर तो शून्याच्या जवळ जातो, कारण पाणी निघून जायला वेळच मिळत नाही आणि वरचं वजन मातीच्या कणांऐवजी पाणीच पेलतं.

हिशेब करून बघू. आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या शेताचे मोजलेले नाहीत, हे आधीच सांगतो. समजा छोटा ट्रॅक्टर चालकासकट ९०० किलोचा. त्यातलं ५७० किलो मागच्या चाकांवर, म्हणजे साधारण ५.६ किलोन्यूटन. दोन्ही मागचे टायर मिळून जमिनीला टेकतात ते क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर.

चांगल्या ओलीची माती: कोहिजन १५ किलोपास्कल, घर्षणकोन २५ अंश. पहिलं पद १.८ किलोन्यूटन, दुसरं २.६. एकूण ४.४. यातून ट्रॅक्टरचं स्वतःचं चालणं वजा करायचं, म्हणजे चाकं मातीत दबत पुढे जाताना होणारा विरोध. तो एकूण वजनाच्या सात टक्के धरला तर ०.६. हाती राहिले ३.८ किलोन्यूटन. एका फाळाच्या नांगराला, २५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल तासाला, दर चौरस सेंटिमीटरला ७ न्यूटन धरले तर लागतात २.६. नांगर आरामात निघतो.

आता पावसानंतरचा दुसरा दिवस. तीच माती, पण गच्च ओली. कोहिजन १२, घर्षणकोन फक्त ५ अंश. पहिलं पद १.४४, दुसरं जेमतेम ०.४९. एकूण १.९. चालण्याचा विरोध मात्र वाढून पंधरा टक्के झालाय, म्हणजे १.३. हाती राहिले ०.६. या ०.६ मध्ये नांगर काय, रिकामी ट्रॉलीसुद्धा नीट निघायची नाही.

आणि इथे आपण काय करतो? वजन टाकतो. चाकाला लोखंडी वजनं लावतो, टायरमध्ये पाणी भरतो, नाहीतर दोन पोरं मागे उभी करतो (हे शेवटचं करू नका, जिवावर बेततं). १०० किलो वजन मागच्या चाकांवर वाढवलं असं समजा. चांगल्या ओलीत त्याने जोर ०.४६ ने वाढेल, चालण्याचा विरोध ०.०७ ने, म्हणजे जवळजवळ ०.४ चा निव्वळ फायदा. गच्च ओलीत जोर वाढेल फक्त ०.०९ आणि विरोध वाढेल ०.१५. म्हणजे वजन टाकून तोटा झाला. ट्रॅक्टर आधी होता त्याहून जास्त रुतला.

त्याऐवजी टायरमधली हवा थोडी कमी करून टेकण्याचं क्षेत्रफळ पाव हिश्श्याने वाढवलं तर? चांगल्या ओलीत ०.४५ वाढ, गच्च ओलीत ०.३६. दोन्हीकडे फायदा. कोरड्या रेताड जमिनीत मात्र याचा जोर वाढवायला फारसा उपयोग नाही, तिथे वजनच चालतं. तेव्हा ‘वजन वाढवावं का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. नदीकाठची खोल काळी रानं आणि आष्टी-पाटोद्याकडची बालाघाटावरची हलकी मुरमाड रानं एकाच जिल्ह्यात आहेत, आणि त्यांची उत्तरं वेगळी आहेत. एकाच रानात सोमवारचं आणि शुक्रवारचं उत्तरही वेगळं असू शकतं. हवा कमी करताना टायर कंपनीने दिलेल्या तक्त्याखाली जायचं नाही एवढं पथ्य पाळा, नाहीतर टायर रिमवर सरकतो आणि वॉल्व तुटतो. रानातून डांबरीवर येताना हवा परत भरायची.

बर्फावरचे निबंध मला इथे कामाला आले. ताज्या भुसभुशीत बर्फाची ताकद फार कमी, दाबला गेला की वाढते. शून्य अंशाच्या जवळ आला की त्यावर पाण्याचा पातळ थर येतो आणि तो सगळ्यात घसरडा होतो. जास्त थंडीत उलट पकड बरी मिळते. त्यांच्याकडे जे तापमान करतं ते आपल्याकडे ओल करते. तिकडचे लोक चाकाला साखळ्या बांधतात, कारण साखळी वरचा कमकुवत थर फोडून खालच्या कडक थराला जाऊन धरते. आपल्याकडे भाताच्या चिखलणीला लोखंडी केज व्हील लावतात, त्यामागचा विचारही तोच, शिवाय टेकण्याची रुंदी वाढते. बीडमध्ये भात नाही आणि केज व्हील लावून डांबरी रस्त्यावरून जाता येत नाही, म्हणून इथे ते दिसत नाही. त्यांची आणखी एक गंमत वाचली: टायरमध्ये भरलेलं पाणी गोठू नये म्हणून ते त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, त्याने रिम गंजते, म्हणून आता काही जण बीटाच्या रसापासून केलेलं द्रावण भरतात. बीडवाल्याने बीटाच्या रसाबद्दल वाचत बसावं, हेही नशीबच! आपल्याला साधं पाणी पुरतं.

पण सगळंच्या सगळं उचलून आणता येत नाही, आणि हे नवीन वाचकाने नीट बघायला हवं. बर्फ ढकलणारं पातं पुढे असतं, आपला नांगर मागे. मागचा नांगर मातीत ओढला जातो तेव्हा पुढच्या चाकांवरचं काही वजन मागच्या चाकांवर येतं. किती येतं? ओढ गुणिले ओढीच्या बिंदूची उंची, भागिले दोन चाकांमधलं अंतर. २.६ किलोन्यूटनची ओढ, ०.४ मीटर उंची, १.५ मीटर अंतर धरलं तर ०.७ किलोन्यूटन, म्हणजे सत्तर किलोच्या आसपास, फुकट. नांगराचं स्वतःचं वजन आणि त्याला खाली खेचणारी माती हे याशिवाय. हॅरी फर्ग्युसन यांच्या थ्री-पॉइंट लिंकेजची सगळी करामत याच गोष्टीवर उभी आहे. बर्फाच्या पात्याला हे मिळत नाही, म्हणून तिकडे मागे वजन टाकल्याशिवाय गत्यंतर नसतं. त्यांचा ‘मागे वजन टाका’ हा सल्ला जसाच्या तसा आपल्या नांगराला लावला तर चुकेल. आणि ओढीचा बिंदू उंच केला की फायदा वाढतो हे सूत्रात दिसतं म्हणून साखळी वर बांधायला जाऊ नका. पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो.

बरं, यात विजेवरच्या ट्रॅक्टरचं वेगळं काय?

एक तर मोटार शून्य वेगापासूनच पूर्ण पीळ देते. डिझेलच्या ट्रॅक्टरला क्लच सोडताना इंजिन जरा दबतं, चाकाला हळूहळू जोर लागतो. मोटारीचं पॅडल जोरात दाबलं की दाताखालचा मातीचा ठोकळा एका झटक्यात सुटतो आणि चाक फिरायला लागतं. मोटार चालवणारा कंट्रोलर ‘पीळ’ सांभाळतोय की ‘वेग’ सांभाळतोय, याने फार फरक पडतो. पीळ सांभाळणारा असेल तर पकड सुटल्यावर चाक वेगाने पळतं. वेग सांभाळणारा असेल तर पकड सुटली तरी चाकाचा वेग तेवढाच राहतो, खड्डा कमी होतो.

दुसरं, घसरण थेट बॅटरीतून जाते. डिझेलमध्येही जाते, पण तिथे डबकी घेऊन पोराला पंपावर पाठवता येतं. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास उष्णता असते आणि इंजिन त्यातला तिसरा हिस्साही जेमतेम कामाला लावतं. त्या मानाने २५ किलोवॅट-तासांची बॅटरी म्हणजे कामाच्या हिशेबात सात-आठ लिटर डिझेल. आता घसर १२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेली, असं समजा. तेवढाच जोर लावायचा असेल तर एका चार्जमध्ये कापलेलं अंतर ८८ ला ७० या प्रमाणात कमी होतं. म्हणजे पाच एकर झालं असतं तिथे चार. आणि रानात लाइट रात्री येत असेल तर उरलेलं एक एकर उद्यावर जातं. पेरणीच्या दिवसांत उद्या म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. विजेवरचा ट्रॅक्टर हे स्वतःच मोजण्याचं यंत्र आहे. परमनंट मॅग्नेट मोटारीत करंट आणि पीळ यांचं नातं जवळजवळ सरळ असतं. करंट नोंदवत गेलात की चाकाला किती पीळ गेला याचा अंदाज येतो, मग गिअरमधला तोटा वजा करायचा. डिझेलच्या ट्रॅक्टरवर हेच करायला महागडं सेन्सर लागतं. छोट्या महाविद्यालयातून संशोधन करणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

घसर मोजायची कशी? यासाठी पैसे लागत नाहीत. मागच्या टायरवर खडूने एक रेघ ओढा. नांगर उचलून, त्याच रानात, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा आणि अंतर मोजा. समजा २४ मीटर आलं. मग नांगर खाली सोडून दहा फेरे. समजा २०.४ मीटर. फरक ३.६, भागिले २४, म्हणजे १५ टक्के घसर. शून्य घसर कशाला म्हणायचं, हे मात्र आधी ठरवून वहीत लिहून ठेवा. कोणी डांबरीवरचे दहा फेरे शून्य धरतं, कोणी रानातले रिकाम्या नांगराचे. दोन्ही चालतं, पण दोन वेगळ्या शून्यांवरचे आकडे एका तक्त्यात टाकले की सगळा तक्ता वाया.

घसर शून्य असावी असं वाटतं ना? तसं नाही. माती थोडी सरकल्याशिवाय तिचा जोर जागाच होत नाही. यानोसी आणि हानामोटो यांनी १९६१ मध्ये हे एका वक्ररेषेने दाखवलं: सुरुवातीला थोड्या सरकण्यात जोर झपाट्याने वाढतो, मग सपाट होत जातो. म्हणून रानात ८ ते १५ टक्क्यांच्या आसपासची घसर चांगली मानतात. त्याहून कमी असेल तर ट्रॅक्टर उगाच जड आहे, जास्त असेल तर ताकद माती उकरण्यात चाललीय. माहितीपत्रकातले ओढीचे आकडे मात्र बहुधा काँक्रीटच्या ट्रॅकवरचे असतात. ओईसीडीच्या चाचणी नियमांत चाकांच्या ट्रॅक्टरला तिथे १५ टक्के घसरीची मर्यादा आहे. काँक्रीटवरचे १५ टक्के आणि माजलगावच्या काळ्या रानातले १५ टक्के यांची तुलना करायची नसते.

मोबाइलचं जीपीएस वापरून घसर काढता येईल का, असा विचार तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. नांगरताना वेग असतो सेकंदाला एक मीटरच्या आसपास. मोबाइलच्या वेगात सेकंदाला दहा सेंटिमीटरची चूक असली तरी घसरीत दहा टक्क्यांची चूक येते. जे मोजायचं तेच दहा-पंधरा टक्के! खडू बरा.

आता माझी चूक.

पहिल्या हंगामात, मृगाच्या पावसानंतर, मला वजनाचा परिणाम बघायचा होता. सकाळी आठला रानात गेलो. आधी बिनवजनाच्या पाच फेऱ्या केल्या. मग जेवण. मग चाकांना वजनं बसवली, त्यात दीड-दोन तास गेले, आणि दुपारी तीनला वजनासकट पाच फेऱ्या. घसर इतकी छान कमी झाली की मी तिथेच बांधावर बसून आलेख काढला. संध्याकाळी गाइडना फोटो पाठवला. वाईट म्हणजे, शेजारच्या रानातले एक काका विचारत होते, त्यांनाही ठासून सांगितलं, की वजन टाका, पाणी भरा टायरात, नक्की फरक पडतो.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, दिवसभर लिंबाखाली बसून बघत होते. ते म्हणाले, “आरं, सकाळी रान वल्लं होतं. दुपारपस्तोर वाफशाला आलं. तुझ्या लोखंडानं काय केलं आन् उन्हानं काय केलं, हे कसं कळायचं?”

मी हसून सोडून दिलं. तात्यांचं शिक्षण चौथीपर्यंत आणि माझ्याकडे आलेख होता.

त्यानंतरच्या आठवड्यात मोठा पाऊस झाला. काकांनी टायरमध्ये पाणी भरून घेतलं होतं. पेरणीची घाई होती, कापूस लावायचा होता. वजन आहे म्हणून त्यांनी एक दिवस आधीच ट्रॅक्टर घातला आणि तो मागच्या एक्सलपर्यंत बसला. काढायला दुसरा मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा लागला, त्यानेही रानात दोन खोल चाकोऱ्या पाडल्या. त्या पट्ट्यात पीक त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही मागे राहिलं, कारण वरची माती हवेच्या दाबाने दबते पण खोलवरचा थर एक्सलवरच्या एकूण भाराने दबतो, आणि तो लवकर सुटत नाही. काका मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला ‘गुंतलेले घटक’ म्हणतात. मी वजन बदललं, पण वजनाबरोबर वेळ बदलली, आणि वेळेबरोबर ओल बदलली. दोन गोष्टी एकत्र हलल्या आणि सगळं श्रेय मी एकीला दिलं. परीक्षेत या विषयात मला चांगले मार्क होते.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा रानाचे छोटे पट्टे पाडले, कुठल्या पट्ट्यात कधी वजन असेल ते चिठ्ठ्या काढून ठरवलं. वजनं काढ-घाल करून पाठ मोडली, दिवसाला दहा फेऱ्यांच्या जागी चारच झाल्या. प्रत्येक फेरीच्या आधी तीन जागची माती डब्यात बंद केली, प्रयोगशाळेत १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून ओल काढली. वजनाचा फायदा उरला, पण पहिल्या आलेखापेक्षा बराच लहान, आणि ओल वाढत गेली तसा तोही विरत गेला. वरच्या सूत्रातल्या दोन पदांनी हेच सांगितलं होतं. सूत्र मला त्या आधी पाठ होतं.

मग मी तात्यांच्या शब्दाकडे परत गेलो: वाफसा. हा शब्द आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे आणि तो माती, पाणी व हवा यांची एक नेमकी अवस्था सांगतो. तात्यांची परीक्षा सोपी आहे. वीतभर खालची माती मुठीत दाबायची. पाणी हाताला लागलं तर रान ओलं. गोळा झालाच नाही तर कोरडं. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर वाफसा.

१९११ मध्ये आल्बर्ट ॲटरबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने मातीच्या अवस्था ओलीवरून ठरवायच्या कसोट्या मांडल्या. त्यातल्या एका कसोटीत ओली माती तळहाताखाली लाटून दोरी करतात. तीन मिलिमीटर जाडीला दोरी तुटायला लागली की त्या ओलीला प्लॅस्टिक लिमिट म्हणायचं. मशागतीला सगळ्यात चांगली ओल या मर्यादेच्या साधारण ०.९ पट असते, असं पुढच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे माती लोण्यासारखी वळायची थांबून फुटायला लागते, तिच्या थोडी अलीकडची ओल. तात्यांचा गोळा याच्याच जवळपास फुटत असेल, असं माझं अनुमान आहे. हे अनुमान तपासायचं सोपं आहे: वेगवेगळ्या गावांतल्या जाणत्या माणसांना आज वाफसा आहे की नाही विचारायचं, त्याच क्षणी त्याच जागची माती घ्यायची, ओल आणि प्लॅस्टिक लिमिट दोन्ही काढायचं. विचारणाऱ्याला ओलीचा आकडा आधी माहीत असता कामा नये आणि एका जाणत्याचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. एमटेकच्या कोणाला विषय हवा असेल तर खुशाल घ्या.

काळ्या मातीत हे जास्त महत्त्वाचं, कारण तिच्यातली फुगणारी चिकण माती वाफशाची खिडकी फार अरुंद करते. कालपर्यंत चाकाला लोळा धरत होता, परवा ढेकूळ फुटत नाही. मधला एखाददुसरा दिवस कामाचा. दातांमध्ये माती थापली गेली की टायर गुळगुळीत नळकांडं होतो, आणि मग कोरा टायरही जुन्याच्या लायकीचा. मुरमाड रानात हे दुखणं नाही, तिथे पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी औत चालतं.

डिफरन्शियल लॉकबद्दल दोन ओळी, कारण हा फुकटचा उपाय बरेच जण विसरतात. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच पीळ जातो, म्हणून ज्या चाकाची पकड कमी तेच दुसऱ्याचीही मर्यादा ठरवतं. एक चाक तासात, एक वर, असं नांगरताना नेहमी असतं. लॉक लावा, सरळ चाला, वळायच्या आधी सोडा. मोजणी करत असाल तर लॉक लावला होता की नाही हे वहीत लिहा. मी पहिल्या सहा फेऱ्यांत लिहिलं नव्हतं. त्या फेऱ्या मला टाकून द्याव्या लागल्या.

आता यंदा ऑक्टोबरात, रब्बीच्या आधी, पुढची मोजणी आहे. या वेळी वजन जागेवरच ठेवणार आहे आणि हवेचे तीन दाब बघणार आहे, कारण क्षेत्रफळाचं पद ओल्या रानातही साथ देतं असं सूत्र म्हणतं आणि काळ्या रानात ते खरं ठरतं का हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. काकांनी टायरमधलं पाणी काढून टाकलंय. त्यांच्या रानाचा एक पट्टा मोजायला मागितला, तर म्हणाले, “ये. पण तात्याला बरोबर आण, आन् तो व्हय म्हणल्याबिगर ट्रॅक्टर आत घालू नको.”